वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : पित्ताची गोळी कधी घ्यावी, कधी थांबवावी

मागील अंकात छातीतील जळजळ, आंबट ढेकर आणि अन्न घशाशी येणे या तक्रारींविषयी या सदरात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत ‘कोणती गोळी घेऊ’ असे विचारणारे थोडे आहेत. गोळी सुरू केल्यावर, बदलल्यावर किंवा बंद केल्यावर काय झाले, हे सांगणारे वाचक अधिक आहेत. त्यांपैकी काही पत्रे संक्षेपाने आणि नावे न देता येथे घेतली आहेत.

सांगलीहून एक निवृत्त शिक्षिका (वय ६१) लिहितात : चार वर्षांपूर्वी गुडघेदुखीच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम दिली होती. गुडघ्याच्या गोळ्या केव्हाच बंद झाल्या, पित्ताची गोळी मात्र आजही चालू आहे. दोनदा बंद करून पाहिली, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी इतकी जळजळ झाली की रात्र बसून काढावी लागली. मला ती जन्मभर घ्यावी लागणार का? मुलगी म्हणते, या गोळ्यांनी मूत्रपिंड निकामी होते आणि हाडे ठिसूळ होतात.

उत्तर : आपल्याला पित्ताचा मूळ आजार होता असे आपल्या पत्रावरून दिसत नाही. वेदनाशामक गोळ्यांनी जठराला इजा होऊ नये म्हणून ही गोळी संरक्षणापुरती दिली गेली होती. ते कारण संपले त्याच दिवशी गोळीही संपायला हवी होती, परंतु चिठ्ठीवर ‘कशासाठी’ आणि ‘कधीपर्यंत’ हे दोन शब्द नसले की अशी गोळी वर्षानुवर्षे चालू राहते. औषधाच्या दुकानातही ती बहुधा कोणी काही न विचारता देतो. मला ही आपल्याकडच्या औषधोपचारातील मोठी उणीव वाटते, आणि तिचा दोष रुग्णाकडे जात नाही.

आता बंद केल्यावर होणाऱ्या जळजळीविषयी. जठराच्या अस्तरातील पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात आणि पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही औषधे त्यांनाच बंद पाडतात. आम्ल कमी झाल्याचे शरीराला कळते, तेव्हा ते गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडून आम्ल तयार करणाऱ्या यंत्रणेला सतत चेतवत राहते, आणि काही आठवड्यांत ती यंत्रणाच पूर्वीपेक्षा सशक्त होते. अशा वेळी गोळी एकाएकी थांबवली की मोकळे झालेले पंप पूर्वी कधी नव्हते इतके आम्ल ओततात. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जळजळीची कोणतीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी व्यक्तींपैकी निम्म्यांना आठ आठवडे याच गटातील इसोमेप्राझोल आणि उरलेल्यांना औषध नसलेली गोळी दिली होती. गोळ्या थांबवल्यानंतरच्या काळात पहिल्या गटातील ४४ टक्के व्यक्तींना आम्लपित्ताचा त्रास झाला, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. ज्यांना आजारच नव्हता त्यांनाही गोळी सोडताना जळजळ झाली, म्हणजे आपली ती रात्र गोळीची गरज सिद्ध करत नाही. तिसऱ्या दिवशी घाबरून पुन्हा गोळी घेणारे आपल्यासारखे रुग्ण मी सतत पाहतो, आणि हे कोणी त्यांना आधी सांगितलेले नसते याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या डॉक्टरांशी बोलून चाळीसऐवजी वीस मिलिग्रॅमची गोळी दोन ते चार आठवडे, नंतर एक दिवसाआड, आणि मग बंद, असा क्रम ठेवता येईल. एकदम थांबवण्यापेक्षा हळूहळू कमी करणे निश्चितपणे सरस आहे असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही, तरी बहुतेकांना ते सोसायला सोपे जाते. मधल्या काळात जळजळ झालीच तर जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेट असलेले पातळ औषध किंवा साधे अँटासिड घ्यावे. अल्जिनेट जठरातील अन्नावर तरंगता थर धरते आणि आम्ल वर येऊ देत नाही. काही रुग्णांना रात्री फॅमोटिडिन हे आम्ल कमी करणारे दुसऱ्या गटातील औषध देऊनही हा काळ पार पाडता येतो. साधारण महिना-दोन महिने चढउतार होतील हे गृहीत धरावे. त्यानंतरही त्रास तसाच राहिला, तर मात्र मूळ आजार शोधण्यासाठी एन्डोस्कोपी करावी लागेल.

मुलीच्या भीतीबद्दल. हृदयविकार किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या १७,५९८ रुग्णांना पॅन्टोप्राझोल किंवा औषध नसलेली गोळी देऊन सुमारे तीन वर्षे पाहणी केली गेली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्यात मूत्रपिंडाचा दीर्घ आजार, हाडे मोडणे, स्मृतिभ्रंश यांत फरक दिसला नाही. आतड्यांचा जंतुसंसर्ग मात्र गोळी घेणाऱ्यांत थोडा अधिक आढळला. या गोळ्यांवर असणारे लोक मुळातच अधिक आजारी असतात, त्यामुळे नुसत्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासांत गोळीच्या माथी बरेच काही येते. तरीही मूत्रपिंडाला अचानक सूज येण्याचा प्रकार क्वचित घडतो आणि तो खरा आहे. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. आपण शाकाहारी असाल तर बी-१२ ची तपासणी एकदा अवश्य करून घ्यावी, कारण आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींत ते आधीच कमी असण्याची शक्यता मोठी असते.

पुण्याहून एक संगणक अभियंता (वय ३४) लिहितात : कामावरून आल्यावर अकराच्या सुमारास जेवण होते. आडवे झाले की जळजळ सुरू होते, म्हणून तेव्हाच गोळी घेतो. पहिल्या महिन्यात उपयोग झाला नाही म्हणून स्वतःच दोन घेऊ लागलो, तरी फरक नाही.

उत्तर : आपली गोळी निकामी नाही, तिची वेळ चुकते आहे. ही औषधे रक्तात तास-दोन तासच टिकतात आणि त्या अवधीत जे पंप प्रत्यक्ष काम करत असतील त्यांनाच बंद करतात. पंप कामाला लागतात ते अन्न पोटात गेल्यावर. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. जेवून आडवे झाल्यावर घेतलेली गोळी नेमकी त्या वेळी रक्तात पोहोचते जेव्हा पंप पुन्हा शांत होऊ लागलेले असतात. आपला त्रास मुख्यतः रात्रीचा आहे, तेव्हा एकच गोळी रात्रीच्या जेवणाआधी घेऊन पाहावी, आणि पूर्ण परिणामासाठी तीन ते पाच दिवस द्यावेत, कारण पहिल्याच गोळीने सर्व पंप बंद होत नाहीत.

जेवण आणि झोप यांत अडीच-तीन तासांचे अंतर राहिले नाही, तर कोणतीही गोळी अपुरीच पडेल. अकराला जेवणे टळत नसेल तर सात-आठच्या सुमारास कार्यालयातच पोळी-भाजीचा डबा संपवावा आणि घरी आल्यावर हलके काही घ्यावे. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उंच करावी. उशांची चळत करून उपयोग होत नाही, कारण त्याने फक्त मान वाकते आणि पोटावर दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्यास जठरातील आम्ल अन्ननलिकेच्या तोंडापासून खाली राहते. वजन वाढले असेल तर ते उतरवण्याइतका टिकाऊ उपाय दुसरा नाही. योग्य वेळी, योग्य मात्रेत आठ आठवडे गोळी घेऊनही जळजळ थांबली नाही, तर मात्रा वाढवत न बसता पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे.

अकोल्याहून एक वाचक लिहितात : आईचे वय ७२ आहे. तिला पॅन्टोप्राझोल आणि डोम्पेरिडोन अशी जोड कॅप्सूल वर्षभर चालू आहे. अलीकडे ती गिळता येत नाही, म्हणून मी कॅप्सूल उघडून आतले दाणे खलबत्त्यात कुटतो आणि मधातून चाटवतो. गुण पूर्वीसारखा येत नाही. दुसरे औषध सुचवावे.

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य गिळता न येण्याचे आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. आईला केवळ कॅप्सूल गिळता येत नाही की पोळीचा घासही छातीत अडकल्यासारखा वाटतो? घास पाण्याच्या घोटाने खाली ढकलावा लागतो का, ती पोळी सोडून भात आणि पातळ पदार्थांवर आली आहे का, वजन उतरले आहे का, हे आज जेवताना तिच्याशेजारी बसून पाहावे. घरातली वडीलधारी माणसे अशी तक्रार बोलून दाखवत नाहीत, हळूहळू ताटातले पदार्थच बदलतात. यांपैकी काहीही आढळले तर औषध बदलण्यात वेळ न घालवता या आठवड्यातच एन्डोस्कोपी करून घ्यावी. अन्ननलिका आम्लाने आकसली असेल तर ती रुंद करता येते, आणि गाठ असेल तर ती लवकर कळण्याला फार मोल आहे.

कुटण्याबद्दल. कॅप्सूलमधल्या पॅन्टोप्राझोलवर आम्लाला दाद न देणारे आवरण असते, कारण हे औषध जठरातील आम्लातच नष्ट होते. खलबत्त्यात ते आवरण फुटते आणि औषध कामाच्या जागी पोहोचण्याआधीच वाया जाते. गुण येत नाही तो यामुळे. डोम्पेरिडोनचे, म्हणजे मळमळ-उलटीवरच्या औषधाचे, उलट घडते. अशा जोड कॅप्सूलमध्ये बहुधा त्याची ३० मिलिग्रॅम मात्रा दिवसभर सावकाश सुटेल अशी बांधलेली असते, आणि कुटल्यावर ती एकदम अंगात जाते. डोम्पेरिडोनमुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका साठीनंतर अधिक असतो. युरोपीय औषध नियामकांनी २०१४ मध्ये या औषधाची प्रौढांसाठीची मात्रा एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसातून अधिकाधिक तीनदा आणि सहसा एका आठवड्यापुरतीच ठेवावी असे ठरवले. आपल्याकडे मात्र ते जोडगोळीतून महिनोन्‌महिने दिले जाते. मळमळ किंवा उलटीची तक्रार नसेल तर आईला त्याची गरज आहे का, हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे. गिळण्याची अडचण असलेल्यांसाठी ओमेप्राझोलची दाणे असलेली साधी कॅप्सूल उघडून, दाणे न चावता, चमचाभर मऊ सफरचंदाच्या गरातून लगेच गिळता येतात.

बडोद्याहून एक वाचक (वय ५८) लिहितात : गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसवला. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे आणि सोबत पित्ताची गोळी दिली आहे. पित्ताच्या गोळ्या घातक असतात असे एका चित्रफितीत ऐकून मी ती महिनाभरापूर्वी थांबवली. मला जळजळ कधीच नव्हती.

उत्तर : कृपया ती आजच पुन्हा सुरू करावी आणि हृदयरोगतज्ज्ञांना कळवावे. आपल्याला ती जळजळीसाठी दिलेली नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या एकत्र असताना जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून दिलेली आहे, आणि असा रक्तस्राव जळजळीची सूचना न देताही होतो. डांबरासारखा काळा शौच झाला, चक्कर आली किंवा एकाएकी थकवा वाटला, तर थेट रुग्णालयात जावे. सांगलीच्या बाईंनी गोळी सोडावी आणि आपण सोडू नये, यात विसंगती नाही. त्यांच्या गोळीचे कारण संपले आहे, आपले संपलेले नाही. मात्र गोळी कोणती आहे ते पाहावे. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल यांमुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये दिला होता. पॅन्टोप्राझोलबाबत ही अडचण फारशी येत नाही.

पुढे कधी आपल्याला छातीत जळजळ झाली, विशेषतः जिना चढताना, घामासह किंवा जबड्याकडे अथवा डाव्या हाताकडे जाणारी, तर ती पित्ताची समजून सोडा किंवा अँटासिड घेत बसू नये. आधी ईसीजी काढावा.

ठाण्याहून एक वाचक विचारतात : वडील अनेक वर्षे पित्तासाठी रॅनिटिडिन घेत होते. त्याने कर्करोग होतो हे खरे आहे का?

उत्तर : २०१९ मध्ये रॅनिटिडिनच्या काही नमुन्यांत एनडीएमए नावाचे, कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेले द्रव्य आढळले. साठवणुकीचा काळ आणि तापमान वाढले की त्याचे प्रमाण वाढते असे दिसल्यावर एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत हे औषध बाजारातून काढण्यात आले, आणि २०२२ मध्ये भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ते वगळले गेले. पूर्वी घेतलेल्या गोळ्यांमुळे वडिलांना कर्करोग होईलच असा याचा अर्थ नाही आणि त्यासाठी वेगळी तपासणीही लागत नाही. घरात शिल्लक असतील त्या गोळ्या वापरू नयेत. याच गटातील फॅमोटिडिनमध्ये अमेरिकी प्रशासनाच्या तपासणीत हे द्रव्य आढळले नव्हते.

रत्नागिरीहून एक गृहिणी (वय ४५) लिहितात : सकाळी उठल्यावर थायरॉइडची आणि पित्ताची गोळी एकदमच घेते. एकादशी आणि चतुर्थीला उपवास असतो, त्या दिवशी पित्त हमखास उसळते. उपवासाला गोळी घ्यावी का?

उत्तर : घेण्यास हरकत नाही, पण ती फराळाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, कारण दिवसभर काहीच न खाता घेतलेल्या गोळीचा उपयोग कमी होतो. उपवासाचा त्रास बराचसा रिकाम्या पोटी घेतलेल्या चहाचा आणि तळलेल्या साबुदाणावड्यांचा असतो. स्निग्ध पदार्थांनी जठर उशिरा रिकामे होते, आणि शेंगदाण्याचे कूट घातलेली खिचडीही ताटभर झाली की तेच होते. वरीचे तांदूळ, ताक, राजगिऱ्याची पेज असे थोडे थोडे खाल्ल्यास दिवस सुखाचा जाईल.

थायरॉइडची गोळी नीट विरघळायला जठरात आम्ल लागते. पित्ताच्या गोळीचा परिणाम दिवसभर टिकत असल्याने दोन्हींत तासाभराचे अंतर ठेवूनही हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. म्हणून पित्ताची गोळी सुरू केल्यावर, आणि पुढे बंद केल्यावरही, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासावे आणि थायरॉइडची मात्रा त्यानुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. लोहाच्या गोळ्या घेत असाल तर हिमोग्लोबिनही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण लोह शोषले जाण्यासाठीही आम्लाची गरज असते.