वाचक विचारतात : आबा नेमके कुठल्या खात्याचे?

प्रश्न : आर. आर. पाटलांचं, म्हणजे आपल्या आबांचं नाव निघालं की बोलणं डान्सबार नाहीतर २६/११ वर जातं. तुम्ही तासगावकडचे. तुमच्या लेखी आबांची खरी कारकीर्द कुठली? – एक वाचक, विटा

उत्तर : ग्रामविकासची. हे काही मलईचं खातं नव्हे. पण १९९९ ला ते आबांकडं आलं, तेव्हा अंजनीचा हा गडी आमदारकीच्या आधी सावळज गटातून जिल्हा परिषदेत मुरलेला होता. कागद कुठल्या टेबलाला अडतो, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं, त्यातली मेख अशी की आधी पैसा नाहीच. गाव आधी झाडा, बक्षिसाचं मग बघू. आमच्याकडं तपासणी समिती आली ती थेट स्वयंपाकघरात. घागरीवर झाकण आहे का, पाणी घ्यायला वगराळं आहे का, मोरीचं पाणी शोषखड्ड्यात जातं का. चुलतीनं नवं वगराळं खुंटीला टांगून दम भरला होता, "समिती जाईस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई!" पुढं काही संडासांत शेणी रचल्या गेल्या, तेही पाहिलंय. तरी एकमेकांच्या दारावरून न जाणारे दोन गट एकाच गटारीत फावडी घेऊन उतरले, हे त्याआधी आमच्या गावानं बघितलं नव्हतं.

गृहखात्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. २००५ ची डान्सबारबंदी सर्वोच्च न्यायालयात २०१३ ला टिकली नाही. २६/११ च्या हल्ल्यावर बोललेल्या एका वाक्यापायी डिसेंबर २००८ मध्ये खुर्ची गेली, पुढच्याच वर्षी परत मिळाली. पण २००७ ची तंटामुक्त गाव मोहीम बघा. भावकीतला बांधाचा वाद गावातच मिटवायचा, फौजदाराकडं जायचं नाही. खातं गृह, डोकं ग्रामविकासचंच!

प्रश्न : आबा विधानसभेला कधीच पडले नाहीत, हे खरं का? – एक वाचक, कराड

उत्तर : खरं. १९९० ते २०१४, ओळीनं सहा वेळा निवडून आले. शेवटच्या विजयानंतर चारच महिन्यांनी, १६ फेब्रुवारी २०१५ ला गेले. पोटनिवडणुकीत पत्नी सुमनताई आल्या, २०२४ ला मुलगा रोहित. यावर घराणेशाहीचं पत्र धाडायचं असेल तर खुशाल धाडा, पुढच्या अंकात घेतो.