दहावीनंतर वीस वर्षांनी पदवी : आधी कोणता कागद हवा?

“मॅडम, मले डिग्री करायची हाय, पण कोणती करू तेच समजून नाही राह्यलं.”

हा प्रश्न आमच्याकडे मार्गदर्शनासाठी आलेल्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी मदतनीस ताईंचा. वय सदतीस, दहावी पास. अकरावीत नाव घातलं आणि लग्न ठरलं, तिथंच शिक्षण सुटलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांना धास्ती दोन गोष्टींची होती. या वयात कोणी प्रवेश देईल का? आणि ‘बाहेरून’ केलेली डिग्री नोकरीत चालते का?

वयाची काळजी लगेच मिटते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ असो की इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ), कला-वाणिज्यच्या पदवीला वयाची वरची मर्यादा नाही. बाहेरून केलेली पदवीही चालते. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2020 च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त मुक्त व दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मात्र मान्यता त्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमाला आणि त्या सत्राला असावी लागते. युजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर यादी असते, पैसे भरण्याआधी ती उघडून पाहायचीच. नर्सिंग, अभियांत्रिकी किंवा कायद्याची पदवी कोणी ‘घरबसल्या’ देतो म्हणाला, तर तिथूनच परत फिरावं. हे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवायला परवानगीच नाही.

आता ‘कोणती’. याचं उत्तर पदव्यांच्या यादीत सापडत नाही. पदवी कशासाठी हवी ते आधी ठरावं लागतं. ताईंना अंगणवाडी सेविका व्हायचं होतं आणि पुढे जमलं तर पर्यवेक्षिका. सेविकेसाठी किमान बारावी लागते, पर्यवेक्षिकेसाठी पदवी. म्हणजे त्यांचं पहिलं अडलेलं दार बारावीचं होतं, आणि त्या मात्र थेट पदवीची चौकशी करत होत्या.

त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, बारावीशिवाय पण पदवी होते. ही माहिती खोटी नाही, अर्धी आहे. इग्नूचा सहा महिन्यांचा पूर्वतयारी कार्यक्रम आहे, बीपीपी. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, बारावी नसलेल्या माणसाला तो करून इग्नूच्याच काही पदव्यांना प्रवेश घेता येतो. पण बीपीपी म्हणजे बारावी नव्हे, बारावीशी समकक्षही नव्हे. उद्या जाहिरातीत ‘बारावी उत्तीर्ण’ असं असेल तर हातात पदवी असूनही बारावीची गुणपत्रिका दाखवता येणार नाही, आणि अर्ज छाननीत अडकतो. केवळ ज्ञानासाठी किंवा स्वतःच्या समाधानासाठी शिकणाऱ्याला बीपीपी उत्तम. नोकरी, बढती किंवा स्पर्धा परीक्षा डोळ्यांसमोर असेल तर सरळ बारावी करा, असंच आम्ही सांगतो. वर्ष जास्त जातं, पण पुढे कोणी बोट ठेवत नाही.

बारावीच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली राज्य मंडळाचा सतरा नंबर फॉर्म. दहावी होऊन दोन वर्षं झालेली असली की खाजगी विद्यार्थी म्हणून बारावीला बसता येतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि कागद नेमलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात जमा करायचे. विदर्भात विभागीय मंडळं नागपूर आणि अमरावती अशी दोन आहेत, यवतमाळ अमरावतीत येतं. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, इंग्रजी सक्तीचं, उत्तीर्ण व्हायला 35 टक्के. दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिथं पाच विषय, त्यांत किमान एक भाषा, पण ती इंग्रजीच हवी असं नाही. उत्तीर्णतेची मर्यादा 33 टक्के, आणि नोंदणी पाच वर्षं टिकते, त्यामुळे एकेक विषय सोडवत जाता येतं. ज्यांना इंग्रजीनेच अडवलंय त्यांना एनआयओएस सोपं जातं. ताईंना मराठी पुस्तकं आणि तालुक्यातलं केंद्र हवं होतं, म्हणून सतरा नंबर.

सगळ्यात जास्त अडतं नावात. ताईंची दहावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. सतरा नंबर फॉर्ममध्ये नाव शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे जातं. पण पुढे मुक्त विद्यापीठात प्रवेश घेताना डिजिलॉकरमधून क्रेडिट बँकेचं (पास केलेल्या अभ्यासाचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, जमा होतात ते) खातं काढावं लागतं, त्यावरून डेब आयडी (युजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) तयार होतो, आणि या दोन्हींत नाव आधारवरून उचललं जातं. दोन कागदांवर दोन नावं दिसली की प्रवेश रखडतो. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र ही दोन नावं जोडून देतं. हे काम शेवटच्या तारखेच्या आठवड्यात होत नाही. म्हणून अभ्यासाच्या पुस्तकाआधी हे कागद हाती घ्या. शाळेचा मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रतीचा अर्जही आत्ताच शाळेत देऊन ठेवा.

बारावीनंतरच्या पदव्यांबद्दल गोंधळ नव्या शैक्षणिक धोरणामुळे वाढला आहे. युजीसीच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार पदवीचं शिक्षण वर्षावर्षाला थांबवता येतं: एका वर्षानंतर किमान 40 क्रेडिट घेऊन प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर 80 वर पदविका, तीन वर्षांनंतर 120 वर पदवी, चार वर्षांनंतर 160 वर ऑनर्स पदवी. पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर थांबायचं तर 4 क्रेडिटचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम जादा करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि सगळं मिळून सात वर्षांत संपवायचं असतं. मूल आजारी पडलं, घरातला कर्ता गेला, तरी केलेली वर्षं वाया जात नाहीत, आणि मोठ्या वयात शिकणाऱ्याला हा मोठा आधार आहे. फसगत होते ती ‘पदविका’ या शब्दाने. दुसऱ्या वर्षाअखेर मिळणारी ही पदविका म्हणजे दहावीनंतरचा तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा नव्हे, आणि ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ या अटीत ती बसत नाही. तलाठ्याच्या जाहिरातीला पूर्ण पदवीच लागते. तीन वर्षांची पदवी तिथं पुरते, चौथ्या वर्षाची गरज नाही. चौथं वर्ष पुढे संशोधनाकडे जायचं असेल त्यांनी पाहावं.

वेळेचा हिशोब आम्ही कागदावर मांडून दाखवतो. एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. वर्षाला 40 क्रेडिट, म्हणजे 1200 तास, रोजचे सव्वातीन. ताईंनी हा आकडा पाहून मान हलवली. अंगणवाडी, स्वयंपाक आणि दोन एकर कपाशी सांभाळून रोज एवढा वेळ कुठून आणायचा? त्यात इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरला, म्हणजे एक पेरणीच्या तोंडावर आणि दुसरी वेचणीच्या हंगामात. म्हणून आम्ही सुचवतो: पेरणी आणि वेचणीचे आठवडे अभ्यासातून आधीच वजा करा, उरलेल्या महिन्यांत तास वाढवा, आणि एका सत्रात सगळे विषय अंगावर घेऊ नका. इग्नूत 30 टक्के गुण स्वाध्यायांचे, म्हणजे घरी लिहून द्यायच्या उत्तरांचे असतात. परीक्षा पास होऊनही स्वाध्याय दिला नाही म्हणून विषय अपुरा राहिलेले विद्यार्थी दर वर्षी भेटतात. स्वाध्याय दिल्याची पोचपावती घ्या, ऑनलाइन दिला असेल तर पडद्याचा फोटो ठेवा.

ताईंनी यंदा सतरा नंबर भरायचं ठरवलं आहे, कला शाखा. बारावी निघाली की यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बीए, कारण त्याची पुस्तकं मराठीत आहेत आणि अभ्यासकेंद्र तालुक्याच्या कॉलेजातच आहे. राजपत्रासाठीचा अर्ज त्यांनी सेतू केंद्रातून विचारून आणला आहे. त्यात माहेरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच, वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगसह, उतरवायचं आहे.