घशातील निळसर गाठ आणि न काढलेला तुकडा

आपल्या थोरल्या बंधूंच्या घशात, स्वरयंत्राच्या वरच्या भागात, निळसर गाठ आढळली आणि कोल्हापुरातील डॉक्टरांनी तुकडा तपासायला न पाठवता आधी एमआरआय सांगितला, यात वेळ वाया जात असल्याची आपली शंका आहे. कान-नाक-घसा विभागातील माझ्या अनुभवावरून सांगतो, डॉक्टरांचे बरोबर आहे. जांभळट, मऊ, गुळगुळीत गाठ रक्तवाहिन्यांची असू शकते. तिला चिमटा लावला तर रक्त थेट श्वासनलिकेत उतरते आणि तिथे बोट दाबून ते थांबवता येत नाही.

मागे इथल्याच तालमीतले एक वस्ताद आले होते. जोर-बैठका मारल्या की आवाज घोगरा होतो, एरवी काही नाही, अशी त्यांची तक्रार होती. दुर्बीण घशात असतानाच त्यांना श्वास रोखून कुंथायला सांगितले, तेव्हा करवंदाएवढी गाठ पडद्यावर बघता बघता जांभळाएवढी फुगली आणि श्वास सोडताच ओसरली. अशी गाठ बहुधा शिरांची असते. एमआरआयच्या टी-2 या प्रकारच्या चित्रांत ती पांढरीशुभ्र दिसते व किती खोल गेली आहे ते कळते. सीटी स्कॅनमध्ये आत चुन्याचे गोल खडे दिसले तर निदान जवळजवळ पक्केच. मात्र गाठ कडक असेल, तिच्यावर जखम असेल, किंवा बंधूंना तंबाखूची सवय असेल तर कर्करोगाची शक्यता नीट तपासलीच पाहिजे, आणि त्यासाठी तुकडा घेणे भाग पडले तर तो शस्त्रक्रियागृहात, पूर्ण तयारीनिशीच घ्यावा.

रिपोर्टात ‘हिमँजिओमा’, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, असे लिहून येऊ शकते. प्रौढांमधल्या अशा बऱ्याच गाठी प्रत्यक्षात शिरांच्या रचनेतील जन्मजात दोष असतात. तान्ह्या बाळांच्या हिमँजिओमाहून त्या वेगळ्या, हा भेद 1982 मध्ये मलिकन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी मांडला. बाळांच्या गाठींवर 2008 पासून प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचे औषध गुणकारी ठरले, पण शिरांच्या दोषावर त्याचा भरवसा नाही, आणि दमेकऱ्याला तर ते घातक ठरू शकते. म्हणून कुठेतरी वाचून त्या गोळ्या सुरू करू नयेत.

लहान, त्रास न देणारी गाठ ठरावीक काळाने दुर्बिणीतून पाहत राहणे पुरेसे असते. वाढणाऱ्या किंवा रक्त येणाऱ्या गाठीसाठी लेझर, अथवा ब्लिओमायसिन, पॉलिडोकॅनॉल यांसारख्या औषधाचे इंजेक्शन गाठीतच देतात. इंजेक्शननंतर काही दिवस सूज येते, त्यामुळे श्वासमार्ग कसा सुरक्षित ठेवणार, गळ्याला तात्पुरते छिद्र करावे लागेल का, हे आधीच विचारून घ्या. श्वास घेताना घरघर ऐकू आली किंवा तोंडातून रक्त आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि बंधूंवर उद्या हर्नियाची जरी शस्त्रक्रिया ठरली, तरी भूलतज्ज्ञांना ही गाठ आधी सांगा. नळी घालताना तीच फुटण्याचा धोका असतो.