वाचकांचे प्रश्न : निवृत्तीच्या बचतीवर अमेरिकेत मिळणारी करसवलत

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सी येथे किराणा दुकानात नोकरी करतो आणि पत्नी पाळणाघरात. दोघेही पन्नाशीतले आहोत. २०२५ सालचा आमचा एकत्रित पगार ५०,५०० डॉलर आहे आणि आमच्यावर अवलंबून कोणी नाही. दोघांच्याही कामावर निवृत्तीची योजना नाही. स्वतः बचत केल्यास करात सूट मिळते, असे कळले. वर्ष संपल्यावर आता ती घेता येईल का?

उत्तर : घेता येईल. आयआरए, म्हणजे स्वतः उघडता येणाऱ्या निवृत्ती बचतीच्या खात्यात २०२५ सालासाठी १५ एप्रिल २०२६ पर्यंत पैसे भरता येतात. या सवलतीला ‘सेव्हर्स क्रेडिट’ म्हणतात. ती २००१ सालच्या करकायद्याने आली आणि २००६ मध्ये कायम झाली. प्रत्येकाने स्वतः भरलेले २,००० डॉलरपर्यंतचे पैसे तिच्यासाठी धरले जातात आणि त्यांच्या ५०, २० किंवा १० टक्के रक्कम थेट करातून वजा होते. एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याचे समायोजित उत्पन्न (ठरावीक वजावटी गेल्यावरचे, पण प्रमाणित वजावटीच्या आधीचे), म्हणजेच एजीआय, ४७,५०० डॉलरपर्यंत असेल तर ५० टक्के, ५१,००० पर्यंत असेल तर २० टक्के आणि ७९,००० पर्यंत असेल तर १० टक्के, असे २०२५ चे टप्पे आहेत.

आपण मधल्या टप्प्यात येता, म्हणून खाते कोणते उघडता यावर बरेच अवलंबून आहे. कर मोजण्याआधी उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ३१,५०० डॉलरची प्रमाणित वजावट गेल्यावर आज आपला कर सुमारे १,९०० डॉलर होतो. दोघांनी प्रत्येकी १,६०० डॉलर रॉथ आयआरएमध्ये भरले, ज्यातल्या पैशांची उत्पन्नातून वजावट मिळत नाही, तर एजीआय तेवढाच राहतो, २० टक्क्यांनी ६४० डॉलर सुटतात आणि सुमारे १,२६० डॉलर कर उरतो. तेच पैसे ट्रॅडिशनल आयआरएमध्ये भरले, तर ते उत्पन्नातून वजा होऊन एजीआय ४७,३०० वर उतरतो, कर १,५८० च्या आसपास येतो आणि ५० टक्क्यांनी १,६०० डॉलरची सवलत लागू झाल्यामुळे तो पूर्ण फिटतो. आपल्याला मी दुसराच मार्ग सुचवेन, मात्र ट्रॅडिशनल खात्यातले पैसे निवृत्तीनंतर काढताना त्यांवर कर द्यावा लागेल, हे लक्षात असू द्यावे.

एक गोष्ट आवर्जून तपासा. भारतातल्या बँकेत आपली मुदत ठेव आहे का? एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यावरील व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेच्या रिटर्नमध्ये ते दाखवावेच लागते, आणि अवघ्या ३०० डॉलरच्या व्याजाने एजीआय ४७,६०० होऊन आपण पुन्हा २० टक्क्यांच्या टप्प्यात जाल. असे व्याज असेल तर प्रत्येकी २,००० डॉलर भरणे सुरक्षित ठरेल. भारतातल्या पीपीएफमध्ये भरलेले पैसे मात्र या सवलतीसाठी चालत नाहीत. तसेच २०२३ पासून रिटर्नच्या मुदतीपर्यंत दोघांपैकी कोणी निवृत्तीच्या खात्यातून रक्कम काढली असेल, तर ती भरलेल्या रकमेतून वजा होते. रिटर्नला फॉर्म ८८८० जोडायला विसरू नका. पात्र असूनही केवळ तो न भरल्यामुळे सवलत गेली, तर फार वाईट वाटेल.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. विद्यापीठातल्या कामाच्या पगारातून मी आयआरएमध्ये ५०० डॉलर भरले. मला ही सवलत मिळेल का?

उत्तर : नाही. वर्षातल्या कोणत्याही पाच महिन्यांत पूर्णवेळ विद्यार्थी असलेली व्यक्ती अपात्र ठरते. १८ वर्षांखालील व्यक्ती आणि दुसऱ्याच्या रिटर्नमध्ये अवलंबित म्हणून दाखवलेली व्यक्ती, यांनाही ती मिळत नाही.

प्रश्न : मी एकटी राहते आणि वयस्कर लोकांची देखभाल करते. गेल्या वर्षी मला १५,००० डॉलर मिळाले आणि त्यातले ६०० मी आयआरएमध्ये टाकले, पण रिटर्न भरून देणाऱ्यांनी मला क्रेडिट मिळणार नाही असे सांगितले. माझी कमाई तर मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. असे कसे?

उत्तर : त्यांनी सांगितले ते बरोबर आहे, आणि या कायद्यातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे. एकट्या व्यक्तीची प्रमाणित वजावट १५,७५० डॉलर असल्यामुळे आपल्यावर आयकरच बसत नाही. ही सवलत फक्त करातून वजा होते, परतावा म्हणून हातात पडत नाही. त्यामुळे ज्यांना बचत करणे सर्वांत जड जाते, नेमके तेच तिच्याबाहेर राहतात.

डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या ‘सिक्युअर २.०’ कायद्याने हा दोष बऱ्याच अंशी दूर केला आहे. २०२७ पासून ‘सेव्हर्स मॅच’ लागू होईल. त्यात भरलेल्या २,००० डॉलरपर्यंतच्या रकमेवर निम्मी रक्कम, म्हणजे जास्तीत जास्त १,००० डॉलर, सरकार थेट आपल्या निवृत्तीच्या खात्यात जमा करेल, मग आपल्यावर कर बसत असो वा नसो. एकट्या व्यक्तीला २०,५०० डॉलर उत्पन्नापर्यंत पूर्ण लाभ मिळेल, तो पुढे कमी होत ३५,५०० डॉलरला संपेल. २०२७ मध्ये आपण ६०० डॉलर भरलेत, तर ३०० डॉलर सरकारकडून येतील. म्हणून आयआरए बंद करू नका. शक्य असेल तर २०२७ साठी बाजूला ठेवलेली रक्कम त्या सालासाठीच भरा.