बालवाडीत शिकवायचं आहे. बारावीनंतर कोणती पदवी घ्यावी?

तुम्ही विचारलंय की बी.ए. मानसशास्त्र करू, होम सायन्समधलं ह्यूमन डेव्हलपमेंट (माणसाच्या, विशेषतः मुलांच्या वाढीचा अभ्यास) करू की सरळ डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका, पूर्वीचं डी.एड.). आणि जाता जाता वडिलांचं मतही लिहिलंय: 'एवढ्याशा पोरांना शिकवायला डिग्री कशाला, सहा महिन्यांचा कोर्स कर आणि लाग नोकरीला.' हे वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. जवळपास याच शब्दांत माझ्या पहिल्या शाळेतल्या मुख्याध्यापिकांनी मला सुनावलं होतं.

आधी तुमचं उत्तर. ह्यूमन डेव्हलपमेंट घ्या. एसएनडीटी महिला विद्यापीठात आहे, मुंबईत निर्मला निकेतनला आहे, घरापासून लांब राहायची तयारी असेल तर बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ आहे. मानसशास्त्राच्या बी.ए.त तीन वर्षांचं मूल एखाद्या प्रकरणात येतं आणि जातं. इथे ते समोर बसलेलं असतं. मी हीच पदवी घेतली, तेव्हा आम्हाला बालवाडीत कोपऱ्यात बसवून एकेका मुलाची नोंद करायला लावायचे. 'मूल हट्टी आहे' असं लिहिलं की बाई ते खोडायच्या. हट्टी हे तुमचं मत झालं, तुम्हाला दिसलं काय ते लिहा! मग आम्ही लिहायचो, 'ताटली मागितल्यावर दोन्ही हातांनी छातीशी धरली, मान फिरवली.' ही सवय सहा महिन्यांच्या कोर्समध्ये लागत नाही.

नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे ज्युनियर केजीचा वर्ग होता. त्यात चार वर्षांचा एक मुलगा होता. गोष्टी सांगायला पटाईत, गाण्यांना सगळ्यांच्या पुढे, पण पेन्सिल दिली की रडायचा. वहीत रोज एक पान 'स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन' भरून घ्यायची असा शाळेचा नियम होता. मी त्याची नोंद ठेवली: पेन्सिल मुठीत धरतो, रेघ ओढताना हात खांद्यापासून हलतो, तिसऱ्या ओळीला डाव्या हाताने उजवं मनगट धरतो. त्या मुलाचा हात दुखत होता. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. हळूहळू एकेक हाड घट्ट होत जातं, शेवटचं तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. बोटांचे बारीक स्नायूही या वयात कच्चेच असतात. म्हणून मी त्याची वही बाजूला ठेवली आणि त्याला कणीक मळायला दिली, कागद फाडून चिकटवायला दिले, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायला दिले.

पालकसभेच्या आधी वह्या तपासल्या गेल्या. मुख्याध्यापिका बी.एड. होत्या, हायस्कूलला गणित शिकवून आलेल्या. 'वही कोरी कशी? पालक फी कशाची भरतात?' मी नोंदवही पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. 'तुमची डिग्री घरी ठेवा. या पोरांना शिकवायला बारावी झालेली मुलगीही चालते, फक्त पानं भरली पाहिजेत.' सगळ्या बायकांसमोर. त्या मुलाच्या आईने मात्र नोंदवही मागून घेतली आणि तिथेच उभ्याने वाचून काढली. दिवाळीनंतर पोराने खडूने फरशीवर आपण होऊन गोल काढला, नीट बंद केलेला. मुख्याध्यापिकांनी तो पुसून घेतला, फरशी खराब झाली म्हणून. वर्ष संपल्यावर मी ती शाळा सोडली.

बी.एड. म्हणजे सगळ्यांत मोठी पदवी, तिच्या खाली डी.एड. आणि सगळ्यांत खाली बालवाडीची बाई, ही उतरंड त्यांच्या डोक्यात होती आणि बहुतेकांच्या डोक्यात असते. पण बी.एड. मोठ्या वर्गांसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदालाही बी.एड. चालणार नाही असा निकाल दिला. मग तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी ती पुरेशी कशी? 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे बालवाडी आणि पहिली-दुसरी एकत्र. आपल्याकडे बालशिक्षण रुजवणाऱ्या ताराबाई मोडक मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. राजकोटला महिला अध्यापन महाविद्यालयाचं प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांकडे बालमंदिराच्या कामाला गेल्या, पुढे बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी पाड्यांवर अंगणवाडी उभी केली. वडिलांना हे सांगा. शिकलेल्या बाईने लहान मुलांकडे वळणं म्हणजे पायरी उतरणं नव्हे.

आता पगाराचं. खाजगी बालवाड्यांत पगार कमी आहे, पदवी असली तरी. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो, त्यामुळे त्याआधीच्या वर्गांवर कुणाचं नीट लक्ष नाही. वडिलांची काळजी पैशांची असेल तर ती खोटी नाही. सरकारी शाळेचीच नोकरी हवी असेल तर डी.एल.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) करा, पहिली-दुसरीचे वर्ग मिळू शकतात. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्या पदाला पदवी लागते, तोही रस्ता आहे. होम सायन्सचं कॉलेज जवळ नसेल तर मिळेल त्या विषयात पदवी घ्या आणि जोडीने इग्नू या मुक्त विद्यापीठाचा बालशिक्षणाचा डिप्लोमा करा.

प्रवेश घ्यायच्या आधी कॉलेजात जाऊन एवढंच विचारा: तुमची स्वतःची बालवाडी आहे का, आणि पहिल्या वर्षापासून मुलांमध्ये बसू देता का? नाही म्हणाले तर दुसरं कॉलेज बघा.