सुपर निन्टेन्डो: साउंड प्रोसेसरशी बोलताना डिले लूप का चालत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुपर निन्टेन्डोसाठी छोटा गेम लिहिताय. साउंड ड्रायव्हर (आवाज वाजवणारा प्रोग्राम) साउंड प्रोसेसरवर अपलोड करताना प्रत्येक बाइटनंतर रिकामा लूप फिरवून थोडा वेळ काढताय. एम्युलेटरवर (मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) सगळं सुरळीत, खऱ्या मशीनवर मात्र कधी चालतं, कधी काळ्या स्क्रीनवर अडकतं. शिवाय उडीचा आवाज लागोपाठ दोनदा मागितला की दुसऱ्यांदा वाजत नाही. तर लूपचे फेरे वाढवावेत का?

वाढवू नका. लूप काढूनच टाका.

तुम्ही आधी आठ-बिटी निन्टेन्डोवर काम केलंय म्हणता, तिथलीच सवय इथे आडवी येतेय. त्या मशीनमध्ये आवाजाचं सर्किट सीपीयूच्याच चिपमध्ये असतं. ४००० पासूनच्या रजिस्टरांत लिहिलं की आवाज बदलला, विषय संपला. १९९० साली आलेल्या सुपर फॅमिकॉममध्ये (सुपर निन्टेन्डोचं जपानी नाव) आवाजाची बाजू म्हणजे जवळजवळ वेगळा संगणकच आहे. सोनीचा एसपीसी७०० हा आठ-बिटी प्रोसेसर, त्याची स्वतःची ६४ केबी रॅम आणि त्याच्या ताब्यात ३२ किलोहर्ट्झवर आठ व्हॉइस वाजवणारा डीएसपी, म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी तयार करणारी चिप. (हे डिझाइन केन कुतारागींचं. तेच, पुढे प्लेस्टेशनवाले.) तुमचा मुख्य सीपीयू ना डीएसपीला हात लावू शकत, ना त्या रॅममध्ये डोकावू शकत. सेगाच्या मेगा ड्राइव्हवर मुख्य ६८००० प्रोसेसर आवाजाच्या झेड८० ला बाजूला सारून त्याच्या रॅममध्ये थेट लिहितो, तशी सोय इथे नाही. आहेत ते फक्त चार पोर्ट: मुख्य बाजूने २१४० ते २१४३, एसपीसीच्या बाजूने एफ४ ते एफ७. पत्ते सगळे हेक्समध्ये, म्हणजे सोळा-आधारित आकड्यांत; पुढचे एए, बीबी, सीसी हेही तसलेच आकडे.

पोर्ट चार म्हटले तरी आत लॅच (लिहिलेला बाइट धरून ठेवणारे कप्पे) आठ आहेत. २१४० मध्ये तुम्ही लिहिता ते एसपीसीला एफ४ वर दिसतं. तुम्ही २१४० वाचता तेव्हा मात्र तुमचं लिखाण परत येत नाही, एसपीसीने एफ४ मध्ये जे टाकलंय ते येतं. नवीन बाइट आला हे कळवणारा फ्लॅग नाही, इंटरप्टची तारही नाही. एसपीसीला कळायचं तर त्याने स्वतः येऊन बघायला हवं.

आता डिले का फसतो ते. मुख्य बाजूचं घड्याळ २१.४७७ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून निघतं (पाल मशीनवर २१.२८१). आवाजाच्या बाजूला स्वतंत्र २४.५७६ मेगाहर्ट्झचा सिरॅमिक रेझोनेटर आहे आणि त्यातून एसपीसीला १.०२४ मेगाहर्ट्झ मिळतात. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शिवाय सिरॅमिक रेझोनेटर क्रिस्टलइतका काटेकोर नसतो. मशीनगणिक थोडा फरक असतो, तापमानानेही तो सरकतो. एम्युलेटरमध्ये हे गुणोत्तर ठरलेलं, दर वेळी तेच. म्हणून तुमचा लूप तिथे बरोबर जुळतो. एम्युलेटरवर बिनचूक चालणारं टूल-असिस्टेड खेळणं (आधीच नोंदवलेली बटणं फ्रेमनुसार दाबून खेळवलेला गेम) खऱ्या सुपर निन्टेन्डोवर अनेकदा भरकटतं, त्यामागे हेच एक मोठं कारण आहे.

म्हणून नियम एकच: वेळ मोजायची नाही, उत्तराची वाट बघायची. आणि ही सोय एसपीसीच्या ६४ बाइटच्या बूट रॉममध्ये आधीच आहे. रीसेटनंतर तो रॉम थोडी मेमरी साफ करतो, एफ४ मध्ये एए आणि एफ५ मध्ये बीबी टाकून थांबतो. तुम्ही २१४० आणि २१४१ वर हे दोन्ही दिसेपर्यंत थांबायचं. मग २१४२-२१४३ मध्ये रॅमचा पत्ता, २१४१ मध्ये शून्य सोडून काहीही, आणि सगळ्यात शेवटी २१४० मध्ये सीसी. २१४० वर सीसी परत दिसलं की दार उघडलं.

पुढे प्रत्येक बाइटला: डेटा २१४१ मध्ये, त्यानंतर क्रमांक (० पासून) २१४० मध्ये, आणि तोच क्रमांक परत दिसेपर्यंत थांबायचं. क्रम उलटा करू नका. एसपीसी क्रमांक बदलायची वाट बघतो, तो बदलला की एफ५ मधला बाइट उचलतो, मग क्रमांक परत पाठवतो आणि त्यानंतर बाइट रॅममध्ये ठेवतो. म्हणजे उत्तर आलं तेव्हा तुमचा बाइट उचलून झालेला असतो, पुढचा ठेवायला हरकत नसते. क्रमांक आठ बिटांचा आहे, २५५ नंतर परत ०, त्याची काळजी नको.

ब्लॉक संपला की नवा पत्ता, २१४१ मध्ये शून्येतर आकडा, आणि २१४० मध्ये शेवटच्या क्रमांकापेक्षा किमान २ ने मोठा आकडा. एकानेच वाढवलात तर एसपीसी त्याला पुढचा बाइट समजेल. हा वाढवलेला आकडा शून्य येता कामा नये, यावर बरेच जण ठेचकाळतात. कारण उत्तर दिल्यावर बूट रॉम एफ४ शून्य व्हायची वाट बघतो. नव्या ब्लॉकचा पहिला क्रमांक शून्यच असतो. तिथे आधीच शून्य असेल तर तो न थांबता २१४१ मधला तुमचा शून्येतर आकडाच पहिला बाइट म्हणून गिळतो. मग ब्लॉकचा पहिला बाइट चुकलेला, बाकी सगळे बरोबर. ब्लॉकची लांबी बदलली की बग गायब, पुन्हा बदलली की हजर. बेरीज शून्य आली तर आणखी वाढवा, बस. शेवटी २१४१ मध्ये शून्य दिलं की एसपीसी दिलेल्या पत्त्यावर उडी मारतो आणि तुमचा ड्रायव्हर सुरू होतो.

अपलोड चालू असताना एनएमआय (दर फ्रेमला व्हीब्लँकच्या, म्हणजे दोन चित्रांमधल्या मोकळ्या वेळेच्या, सुरुवातीला येणारा इंटरप्ट) बंद ठेवा, म्हणजे ४२०० या रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट शून्य. तुमच्या कोडमध्ये व्हीब्लँकचं रुटीन २१४० मध्ये कमांड लिहितंय. ते अपलोडच्या मधे घुसलं की एसपीसीला भलताच क्रमांक दिसतो आणि दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. काळ्या स्क्रीनचं हे दुसरं कारण असणार, माझी तरी तशी जवळजवळ खात्री आहे.

आता उडीचा आवाज. तुम्ही २१४० मध्ये ०५ लिहिता, पुन्हा ०५ लिहिता. एसपीसीला दोन्ही वेळा ०५ च दिसतं. काही बदललंच नाही तर त्याने काय ओळखायचं? आवाजाचा क्रमांक खालच्या सात बिटांत ठेवा आणि वरचा बिट प्रत्येक कमांडला उलटा करा: ०५, मग ८५, मग ०५. व्हॉल्यूम, पॅन वगैरे आधी २१४१ ते २१४३ मध्ये, २१४० नेहमी शेवटी. ड्रायव्हरने काम उरकलं की तीच किंमत परत पाठवायची. इथे मात्र मुख्य बाजूने लूपमध्ये अडकून थांबू नका, हा काही अपलोड नाही. कमांड छोट्या रांगेत टाका. दर फ्रेमला एकदा बघा, मागच्या कमांडचं उत्तर आलं असेल तर पुढची पाठवा, नाहीतर पुढच्या फ्रेमला. सेकंदाच्या साठाव्या हिश्श्याचा उशीर उडीच्या आवाजात कोणाला कळत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पुढे छळेल. मुख्य सीपीयू लिहितोय नेमक्या त्याच क्षणी एसपीसीने पोर्ट वाचला तर त्याला जुनी आणि नवी किंमत एकमेकांत ऑर होऊन (दोन्हींतले १ असलेले बिट एकत्र होऊन) मिळू शकते. पोर्टवर ०३ होता, तुम्ही ८४ लिहिलात, ड्रायव्हरने वाचलं ८७. म्हणजे चौथा आवाज मागितला आणि वाजला सातवा, तोही कधीतरीच, पुन्हा घडवून दाखवता येणार नाही असा. उपाय सोपा: ड्रायव्हरमध्ये एफ४ दोनदा वाचा, दोन्ही वाचनं जुळेपर्यंत ती किंमत वापरू नका. एसपीसीच्या घड्याळाच्या चार-सहा सायकलींचा खर्च, त्यात कंजुषी नको.

टायमर चालू करताना ड्रायव्हर एफ१ या एसपीसीच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये लिहितो, तिथे बिट ४ आणि ५ शून्य ठेवा. ते १ केले की येणारे पोर्ट पुसले जातात: चौथ्याने एफ४-एफ५, पाचव्याने एफ६-एफ७. इकडून तिकडून उचललेल्या सुरुवातीच्या कोडमध्ये हे बिट हमखास १ असतात. तुमची पहिली कमांड त्याआधी पोचली असेल तर ती पुसली जाते आणि तिचं उत्तर कधीच येत नाही. ड्रायव्हरने सगळी मांडामांड झाल्यावर 'तयार' अशी एक ठरलेली किंमत पाठवावी, मुख्य बाजूने ती दिसेपर्यंत काही पाठवू नये.

दुसऱ्या लेव्हलला नवे सॅम्पल (आवाजाचे नोंदवलेले तुकडे) भरायचे असतील तर एए-बीबीची वाट बघू नका, ते येणार नाहीत. एसपीसी आता तुमच्या ड्रायव्हरमध्ये आहे, बूट रॉममध्ये नाही. त्यासाठी ड्रायव्हरला एक वेगळी कमांड लागते: आवाज बंद कर, एफ१ चा सातवा बिट १ करून बूट रॉम पुन्हा दिसेल असं कर, आणि एफएफसी० वर उडी मार. तिथून पुन्हा एए-बीबी. वेळेचा हिशेबही धरा. बूट रॉमला प्रत्येक बाइटमागे निदान पंचवीसेक सायकली लागतात, म्हणजे पूर्ण रॅम भरायला दीड सेकंदाच्या वर. ३२ किलोहर्ट्झचा एक सेकंदाचा सॅम्पल १८,००० बाइटचा होतो (१६ नमुन्यांना ९ बाइट), तेवढ्यालाच जवळपास अर्धा सेकंद. हा वेळ खुपला तर स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये एका क्रमांकामागे तीन बाइट घेणारा लोडर लिहा, २१४१ ते २१४३ तिन्ही वापरून. पण ते नंतर. आधी लूप काढा, एनएमआय बंद करून अपलोड करा आणि खऱ्या मशीनवर काय होतं ते कळवा. तरीही अडकलं तर ड्रायव्हरचा एफ४ वाचणारा भाग इथे टाका, बघतो.