१९७७ चे रेगे अल्बम: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: नमस्कार दादा, मी आत्तापर्यंत रेगे, म्हणजे ते जमैकाचं संगीत, फक्त बॉब मार्लेचं ऐकलंय, तेही हिट गाण्यांपुरतं. १९७७ हे रेगेचं सगळ्यात भारी वर्ष असं बऱ्याच जणांकडून ऐकलं. त्या वर्षातले तुमचे आवडते अल्बम कुठले? आणि पहिल्या नंबरवर मार्लेचा एक्सोडसच ना?

उत्तर: पहिल्या नंबरवर एक्सोडस नाहीये, पण सुरुवात तिथूनच करा, आवाज ओळखीचा आहे ना. डिसेंबर १९७६ मध्ये जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनला, होप रोडवरच्या घरात घुसून मार्लेवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो, त्याची बायको रीटा, मॅनेजर, सगळे जखमी, आणि तरी दोनच दिवसांनी हा माणूस स्टेजवर उभा राहून गायला, मग जमैका सोडून लंडनला गेला आणि तिथे हा अल्बम झाला, जून १९७७ मध्ये आला. लोक ऐकतात ती बहुतेक रेकॉर्डची दुसरी बाजू, जॅमिंग, थ्री लिटल बर्ड्स वगैरे. तुम्ही पहिली बाजू सलग ऐका. नॅचरल मिस्टिक लांबून कुठूनतरी हळूहळू जवळ येतं तिथपासून थेट एक्सोडस या साडेसात मिनिटांच्या गाण्यापर्यंत, मध्ये थांबू नका. त्या माणसावर काय गुजरलं होतं ते त्या बाजूत आहे.

माझा पहिला नंबर म्हणजे काँगोज या गटाचा हार्ट ऑफ द काँगोज, आणि याबद्दल मी कितीही बोलू शकतो. सेड्रिक मायटनचा एकदम वरचा, पातळ आवाज, त्याच्या खाली रॉय जॉन्सन, आणि अगदी तळाशी वॉटी बर्नेटचा खर्ज. हे सगळं रेकॉर्ड केलं निर्माता ली ‘स्क्रॅच’ पेरीने, स्वतःच्या घराच्या परसातल्या ब्लॅक आर्क स्टुडिओत. मशीन फक्त चार ट्रॅकचं, म्हणजे आवाज भरायला चारच पट्ट्या. मग तो काय करायचा, भरलेले ट्रॅक एकत्र करून एकावर घ्यायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा नवीन काहीतरी भरायचा, असं परत परत, त्यामुळे प्रत्येक थराबरोबर आवाज थोडा धूसर होत जातो आणि सगळं गाणं धुक्यातून येतंय असं वाटतं. मध्येच गाय हंबरल्यासारखा आवाजही येतो, दचकू नका, तोही पेरीचाच उद्योग. आयलंड या रेकॉर्ड कंपनीने तेव्हा हा अल्बम काढलाच नाही, म्हणून बाहेरच्या जगात फार कमी जणांपर्यंत पोचला. १९९६ मध्ये ब्लड अँड फायर या ब्रिटिश लेबलने तो नीट, मानाने पुन्हा काढला तेव्हा कुठे लोकांना कळलं काय राहून गेलं होतं. फिशरमन हे पहिलं गाणं लावा, आवडलं तर पुढचं सगळं आवडणार.

त्यानंतर कल्चर या गटाचा टू सेव्हन्स क्लॅश. दोन सात एकत्र येतील तेव्हा मोठी उलथापालथ होईल, हे जमैकाचा कृष्णवर्णीय नेता मार्कस गार्वी याचं भाकीत म्हणून गटाचा गायक जोसेफ हिलने गाण्यात घातलं, आणि त्याचा इतका परिणाम झाला की ७ जुलै १९७७ ला, म्हणजे चारही सात आले त्या दिवशी, किंग्स्टनमध्ये बरेच लोक घराबाहेरच पडले नाहीत असं सांगतात. विषय प्रलयाचा, पण चाली इतक्या आनंदी की पाय थांबत नाहीत, मला हे मिश्रण फार आवडतं.

मार्लेचा जुना साथीदार पीटर टॉश, त्याचा इक्वल राइट्स याच वर्षीचा. रागीट, सरळ, नुसती शांतता नको न्याय हवा असं ठणकावणारा. ज्युनियर मर्विनचा पोलीस अँड थीव्ह्ज पण घ्या, तोही ब्लॅक आर्कचाच.

प्रश्न: राग मानू नका, पण मला सगळं रेगे सारखंच वाटतं. तोच ठेका, तीच गिटार.

उत्तर: राग कसला, सुरुवातीला गिटारवरच कान राहतो म्हणून तसं होतं. गिटार बहुतेक ठिकाणी ऑफबीटवरच, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या मधल्या जागेवरच वाजणार. कान ड्रम आणि बेसवर न्या. आपल्याला समेवर जोर ऐकायची सवय, आणि वन ड्रॉप या रेगेच्या नेहमीच्या ठेक्यात पहिली मात्रा चक्क रिकामी सोडतात, जोर तिसरीवर येतो. मार्लेचा ड्रमर कार्लटन बॅरेट यातला बापमाणूस. आता एक्सोडस हेच गाणं लावा, तिथे बेस ड्रम चारही मात्रांवर पडतोय, चाल पूर्ण वेगळी, मोर्चा निघाल्यासारखी.

आणि कधीकधी खरंच सारखं असतं, मुद्दाम. जमैकात एकाच रिदमवर, म्हणजे त्याच बेस-ड्रमवर, वेगवेगळे गायक आपापलं गाणं बसवतात, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. १९७७ चंच अपटाउन टॉप रँकिंग बघा. गाणाऱ्या दोघी मुली, अल्थिया १७ वर्षांची, डोना १८ ची, आणि रिदम आल्टन एलिसच्या साठच्या दशकातल्या आय अ‍ॅम स्टिल इन लव्ह विथ यू या गाण्याचा, तरी गाणं इतकं ताजं की १९७८ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. दोन्ही लागोपाठ ऐका, फरक लगेच कळेल.

प्रश्न: मोबाइलवर ऐकलं तर चालेल का?

उत्तर: हेडफोन लावून चालेल, मोबाइलच्या स्पीकरवर नको. हे संगीत रस्त्यावरच्या साउंड सिस्टिमच्या मोठ्या मोठ्या स्पीकरसाठी झालंय, गाण्याची खरी चाल बेस सांगतो आणि छोट्या स्पीकरमधून नेमका तोच गायब होतो, मग तुम्ही अर्धंच गाणं ऐकून मत बनवणार. कोणाकडे मोठे स्पीकर असतील तर हार्ट ऑफ द काँगोज तिथे लावायला सांगा, आणि शफल बंद ठेवा.